रविवारी फोन का उचलला नाही

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

लेवार्डन, नेदरलँड्स
सोमवार, ६ मार्च २०२३ (होळी)

तीर्थरूप आई, बाबा आणि आबा यांना कृतानेक साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, काल रात्री फोनवर मी जे बोलले त्यातले एक वाक्य खरे नव्हते आणि ते मनात ठेवून मला झोप लागली नाही. ते वाक्य कोणते हे मी पुढे लिहिणारच आहे. परंतु आधी आबांनी मागितलेला निकाल देते, कारण तो नीट समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. परदेशी नावे फोनवर ऐकू येत नाहीत, तेव्हा बर्फावरच्या शर्यतींत कोण जिंकले ते कागदावर लिहून पाठव, असे आबांनी गेल्या आठवड्यात बजावले होते. पत्राचे फोटो आजच पाठवते, मूळ पत्र टपालाने येईल. पिंट्या, आबांना सावकाश वाचून दाखव आणि नावांपाशी थांबत जा.

मनगटाची काळजी करू नये. आत्याने फोटोत पट्टी पाहिली आणि घरभर सांगितले, हे मला कळले. हाड मोडलेले नाही, केवळ मुरगळले होते, आणि ती पट्टीही आता निघाली आहे. लहान मुले इथे लाकडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत बर्फावर तोल सावरायला शिकतात. मीही तसेच शिकत होते, आणि खुर्ची सोडल्यावर तिसऱ्या दिवशी पडले. आबांनी पिंट्याला तालमीत पहिल्यांदा उतरवले तेव्हा त्याचा खांदा आठवडाभर दुखत होता आणि त्या वेळी कोणीही त्याला तालीम सोडायला सांगितले नव्हते, एवढेच मी नम्रपणे आठवण करून देते. जेवणाचे म्हणाल तर भाकरी मला अजून नीट जमत नाही, पण भात, आमटी आणि आई, तू दिलेली कांदालसूण चटणी रोज असते. थंडी आहे, परंतु घरात उबारा असतो.

आता स्पर्धा. आमच्या गावापासून रेल्वेने वीसएक मिनिटांवर हीरेनव्हीन नावाचे गाव आहे आणि तिथे थिआल्फ नावाचे बर्फाचे बंदिस्त मैदान आहे. २ ते ५ मार्च असे चार दिवस तिथे स्पीड स्केटिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आबा, तुम्ही खासबागेच्या मैदानाबद्दल नेहमी सांगता की शाहू महाराजांनी १९१२ साली ते असे बांधून घेतले की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाड्यातली पकड स्वच्छ दिसावी. थिआल्फमध्ये मी प्रथम शिरले तेव्हा मला खासबागच आठवले. मध्ये ४०० मीटरची लंबवर्तुळाकार बर्फाची वाट आणि तिच्या चहूबाजूंनी चढत गेलेली, नारिंगी कपडे घातलेल्या माणसांनी भरलेली आसने. हलगीच्या जागी पितळी वाद्यांचा बँड असतो. दर काही जोड्यांनंतर मोठ्या गाड्या येऊन ओरखडलेल्या बर्फावर पाणी पसरून तो पुन्हा गुळगुळीत करतात आणि तेवढ्या वेळात हा बँड वाजतो. अशा बँडला इथे जे नाव आहे त्यात फरशी पुसण्याच्या फडक्याचा शब्द आहे.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, आबा. दोघांत झोंबी नाही, अंगाला अंग लागत नाही, मग ही कसली लढत, असे तुम्ही विचारले होते. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आता देते. एका वेळी दोनच खेळाडू धावतात, एक आतल्या वाटेने आणि एक बाहेरच्या. आत सुरुवात करणाऱ्याच्या दंडाला पांढरी पट्टी असते, बाहेरच्याच्या दंडाला लाल. आतली वाट आखूड पडते म्हणून प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ भागावर दोघे वाटा बदलतात, आणि दोघे एकाच क्षणी तिथे पोहोचले तर आतून बाहेर जाणाऱ्याने दुसऱ्याला वाट द्यायची असते. परंतु त्या दोघांपैकी पुढे कोण आला याला जवळजवळ काहीच अर्थ नसतो. लढत घड्याळाशी असते. पहिल्या जोडीतला खेळाडू तासभर बाकावर बसून, शेवटची जोडी येईपर्यंत, आपली वेळ कोणी मोडतो का ते पाहत राहतो. तासभर दुसऱ्याची पकड सोसून पडून राहणारा मल्ल तुम्ही पाहिला आहे. हे बसणे मला तसेच वाटते.

त्यांचे बूटही वेगळे असतात. लांब पाते बुटाला केवळ चवड्याजवळ बिजागरीने जोडलेले असते आणि टाच मोकळी असते, त्यामुळे पाय मागे रेटताना टाच उचलते पण पाते बर्फावरच राहते, आणि मग ते टाचेवर आपटून परत बसते. पायात सैल चप्पल घालून चालल्यावर जसा आवाज येतो तसा आवाज प्रत्येक पावलाला येतो. ही युक्ती अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांची, आणि १९९६-९७ च्या मोसमापासून ती सगळीकडे रुजली. मैदान शांत असते तेव्हा हा ठक ठक आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो.

निकाल असा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला जॉर्डन स्टोल्झ नावाचा मुलगा, वय अवघे अठरा. त्याने शुक्रवारी ५०० मीटर ३४.१० सेकंदांत जिंकले, शनिवारी १००० मीटर जिंकले आणि रविवारी १५०० मीटरही जिंकले. या स्पर्धेत एकाच वर्षी वैयक्तिक तीन सुवर्णपदके मिळवणारा तो पहिला पुरुष ठरला. आई, हे तुझ्यासाठी लिहिते: तो घरामागच्या तळ्यावर शिकला, आणि गोठलेले तळे कधी तडकेल याची भीती असल्यामुळे लहानपणी आईवडील त्याला पाण्यात तरंगायचे जाकीट घालूनच बर्फावर सोडत. म्हणजे जगज्जेत्याच्या आईलाही तीच काळजी होती, आणि तिने ती काळजी अंगावर बांधून मुलाला पाठवले.

पुरुषांचे ५००० मीटर इथल्याच पॅट्रिक रोस्टने आणि १०,००० मीटर इटलीच्या दाविदे गिओत्तोने जिंकले. बायकांमध्ये ३००० मीटर नॉर्वेच्या राग्ने विक्लुंडने घेतले, तर १००० मीटर युट्टा लेरडमने. परंतु आमच्या घरात सर्वांत मोठा आनंद दोन मुलींचा झाला. ५०० मीटर जिंकणारी फेमके कोक ही नाय बेट्स या खेड्यातली आणि १५०० मीटर जिंकणारी आंत्वानेत राइप्मा-डे योंग ही रोत्तुम या खेड्यातली. दोन्ही गावे याच फ्रीसलँड प्रांतात, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. कसबा बावड्याच्या किंवा वडणग्याच्या मुलीने घराजवळच्या मैदानात जागतिक सुवर्ण जिंकावे, तसे हे आहे.

इथले एक वागणे मला पहिले कित्येक महिने उमगले नव्हते, ते जरा विस्ताराने सांगते. मी ज्यांच्या घरात राहते त्या मालकीणबाई, ज्यांना मी आजी म्हणते, शर्यत पाहताना वही घेऊन बसतात. सामना पाहताना वही कशाला, असे मला वाटे. मग मी मैदानात पाहिले तर आजूबाजूला अनेक म्हातारी माणसे मांडीवर कागद ठेवून लिहीत होती. काय लिहितात? प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक फेरीची वेळ. १०,००० मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या, म्हणजे एका खेळाडूचे पंचवीस आकडे, एकाखाली एक, सेकंदाच्या दशांशासह. हे आकडे पडद्यावर दिसतात, वर्तमानपत्रात येतात, संगणकावर कायमचे राहतात. तरीही ते हाताने लिहायचे, पेन्सिलीने, आणि शेवटून पहिल्या आलेल्या खेळाडूचेही तितक्याच काळजीने लिहायचे. माझी समजूत अशी होती की हा म्हातारपणातला वेळ घालवण्याचा छंद असावा. परंतु तसे नाही. दोघे एकमेकांशी लढत नसल्यामुळे नुसते पाहून काहीच कळत नाही. पुढे दिसणारा हरत असू शकतो. वहीतल्या आकड्यांवर बोट फिरवले की मात्र दिसते की हा तीसच्या आसपास स्थिर चालला आहे, तो एकोणतीसने सुरू करून आता एकतीसवर घसरला आहे, म्हणजे त्याचे पाय भरून आले आहेत आणि अजून सहा फेऱ्या बाकी आहेत. आकडे सपाट राहिले की आजी मान डोलावतात, जसे आबा एखाद्या मल्लाने दम राखला की डोलावतात. आकडे चढू लागले की त्या डोळे मिटून घेतात, मग तो खेळाडू कोणत्याही देशाचा असो.

त्या वह्या आजींच्या यजमानांनी १९७२ साली सुरू केल्या. त्या वर्षी साप्पोरोच्या ऑलिंपिकमध्ये इथल्या आर्द शेंकने तीन सुवर्णपदके जिंकली होती. यजमान गेल्यानंतर आजींनी लिहिणे सोडले नाही. काल रात्री त्यांनी १९८० सालची वही काढून माझ्यापुढे ठेवली. लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या एरिक हायडनने ५०० पासून १०,००० मीटरपर्यंत पाचही शर्यती जिंकल्या होत्या. तोही विस्कॉन्सिनचाच, म्हणून सध्या सर्वजण स्टोल्झची त्याच्याशी तुलना करतात. कागद पिवळा पडला आहे, पण अक्षर स्पष्ट आहे, आणि एका ओळीपुढे यजमानांनी काहीही न लिहिता नुसती दोनदा रेघ ओढली आहे. बाबा, मला त्या क्षणी तुमची वही डोळ्यांसमोर आली. सकाळ-संध्याकाळच्या दुधाचे लिटर आणि फॅट दूध संस्थेच्या चिठ्ठीवर छापून येत असताना तुम्ही ते पुन्हा वहीत का उतरवता, असे मी तुम्हाला एकदा चिडून विचारले होते. तुम्ही उत्तर दिले नव्हते. आता ते विचारल्याचे मला वाईट वाटते.

आजींचा उजवा हात गेल्या पावसाळ्यानंतर थरथरू लागला आहे. म्हणून या स्पर्धेची वही त्यांनी माझ्याकडे सोपवली. शुक्रवार आणि शनिवार आम्ही घरी टीव्हीपुढे बसलो, आणि रविवारी त्यांच्या नातवाला येता न आल्यामुळे त्याचे तिकीट मला मिळाले. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण कर्ज फिटायचे असताना मी तिकिटावर पैसे उधळले असे कोणालाही वाटू नये. आजी सोबत होत्या, आम्ही दिवसाउजेडी गेलो आणि जेवणाच्या वेळेला घरी आलो.

आता ते वाक्य. "कारखान्यातून अचानक बोलावणे आले होते म्हणून फोन उचलता आला नाही," असे मी काल रात्री म्हणाले. ते खोटे होते. तुमचा फोन आला तेव्हा मी थिआल्फमध्ये होते. इचलकरंजीचे पाहुणे रविवारी घरी येणार, मामा त्यांना घेऊन येणार आणि ते माझ्याशी व्हिडिओवर बोलणार, हे आई, तू मला गुरुवारीच सांगितले होतेस, आणि "दुपारी कधीही करा, मी मोकळी आहे," असे मीच म्हणाले होते. पाहुणे उशिरा आले, यात तुमचा दोष नाही. मी विसरलेही नव्हते. कोटाच्या खिशात फोन हाताशी ठेवला होता.

शर्यत सुरू होण्याआधी तिथे एक गोष्ट घडते. पंचाने खेळाडूंना रेषेवर बोलावले की हजारो माणसे एकाएकी गप्प होतात, कारण आवाजाने खेळाडूची सुरुवात चुकू नये. स्टोल्झ १५०० मीटरसाठी रेषेवर वाकला होता, सगळे मैदान निःशब्द होते, आणि माझ्या खिशात फोन थरथरू लागला. मी तो बाहेर काढला. पडद्यावर "आई" हे नाव होते. माझ्या मांडीवर वही, उजव्या हातात पेन्सिल. १५०० मीटर म्हणजे पहिले तीनशे मीटर आणि मग तीन पूर्ण फेऱ्या, म्हणजे वहीत फक्त चार आकडे. त्या चार आकड्यांसाठी मी फोन पुन्हा खिशात ठेवला. त्याची शर्यत एक मिनिट ४४ सेकंदांच्या आतच संपली, त्यामुळे नंतर लगेच फोन करणे शक्य होते, आणि तेही मी केले नाही. निकाल शेवटच्या जोडीपर्यंत ठरत नाही, असे मी वर आबांना जे समजावले, तेच मी स्वतःला समजावत राहिले. तिसरे सुवर्ण निश्चित झाले, लोक उभे राहिले, आपल्या देशाचा नसलेल्या त्या मुलासाठी सगळे मैदान टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होते, आणि तुम्ही तिकडे बैठकीच्या खोलीत पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवून माझी वाट पाहत होता.

वहीत त्या ओळीतला पहिला आकडा वाकडा आला आहे. आजींनी रात्री तो पाहून विचारले तेव्हा मी त्यांना सर्व सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलेस? मी लिहिले असते, वेडेवाकडे का होईना."

पाहुण्यांना माझ्या वतीने क्षमा मागावी, अशी विनंती आहे. मामांची मान खाली गेली असेल, त्यांनाही मी वेगळे पत्र लिहिते आहे. मुलगा चांगला असेल याविषयी मला शंका नाही, आणि मी टाळाटाळ करते असे जे काकी म्हणतात ते खरे नाही. पण त्याच्याशी मला एकदा सर्वांच्या देखत नव्हे तर स्वतंत्र बोलायचे आहे. माझे काम, इथला मुक्काम आणि मनगटाची पट्टी, काहीही न लपवता. इतके घडल्यावरही त्यांची इच्छा असेल तर माझा नंबर त्यांना द्यावा. त्यांनी नकार दिला तर तो नकार माझ्या वागण्याला आहे, आपल्या घराला नाही, तेव्हा आई, तू तो मनाला लावून घेऊ नकोस.

पैशांचे: शुक्रवारी साठ हजार रुपये बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत. त्यातून मार्चचा हप्ता भरावा आणि उरलेल्यातून गोठ्याचे पत्रे पावसाळ्याआधी बदलून घ्यावेत. ते पैसे माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवू नयेत. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, ही गोष्ट आबा प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. खाशाबांनी निदान कांस्यपदक आणून त्या गहाणाचे सोने केले. बाबांनी माझ्यासाठी मळा गहाण ठेवला, तो सोडवणे हे एकच काम मला करायचे आहे, आणि त्यासाठीच मी इथला करार पुढच्या मार्चपर्यंत वाढवला आहे. हेही मी फोनवर सांगायला हवे होते. त्यामुळे मे महिन्यात धाकट्या काकांच्या मुलीच्या लग्नाला मला येता येणार नाही. दिवाळीला येईन, रजा मंजूर झाली आहे. तिच्यासाठी पैठणी घ्यावी आणि रंग आईने निवडावा, पैसे मी एप्रिलमध्ये पाठवते.

या मोसमातली मोठी स्पर्धा आता संपली आहे. येत्या शनिवारी तुमच्या संध्याकाळी सात वाजता मीच फोन करते. पिंट्या, इचलकरंजीच्या पाहुण्यांचा नंबर मला त्याआधी पाठव आणि शाहू स्टेडियमवरच्या तुमच्या सामन्याचा निकालही कळव. आज होळी. तू पोळी लाटत असशील, आई, आणि माझ्या नावाची एक बाजूला काढून ठेवत असशील. ती आबांना द्यावी. त्यांना साखरेचे पथ्य असल्याचे मला माहीत आहे, तेव्हा अर्धीच द्यावी.

सर्व लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
तुमची लेक

ता. क. स्टोल्झच्या ओळीचा फोटो आबांसाठी सोबत पाठवते. चार आकडे आहेत, पहिला वाकडा आहे तो माझा.